कडुलिंबापासून कमानीपर्यंत

आमच्या रुईगल्लीत रविवारी रस्त्याच्या बाजूला कपडे वाळत घालायचे नाहीत. कोणी कायदा केलेला नाही, पण दर रविवारी सकाळी सोनम पंधरा-वीस माणसं घेऊन येते, आणि त्यांच्या फोटोत आमचे परकर आलेले बाऊजींना खपत नाहीत. सोनम ही नंदुरबारचीच मुलगी. पुण्याला आर्किटेक्ट झाली आणि परत येऊन आता जुन्या वस्तीची फेरी काढते. सुरतेचे, नाशिकचे, कधी पार पुण्याचे लोक येतात. कमानीतून आत शिरले की माना वर करून चालायला लागतात आणि खाली बसलेल्या गायीला जाऊन अडखळतात. मला ते बघायला फार आवडतं. या घरात करमणुकीच्या गोष्टी मोजक्याच, म्हणून सांगितलं.

घर आमचं देखणं आहे, खोटं कशाला बोलू. सातपुड्यातून उतरवलेल्या सागाचे खांब, खांबांवर पोपट आणि वेली, आणि दरवर्षी दिवाळीआधी सगळ्याला तेलपाणी. पडकं, गळकं काही नाही. खाली आमचं मिरची-मसाल्याचं दुकान, वर आम्ही चौघं. बाऊजी म्हणजे माझे सासरे, रिखबचंद. पाहुणे आले की ते ओट्यावर उभे राहून इतिहास सांगतात. त्यांचे पणजोबा मारवाडातून एका गाठोड्यावर आले. डोंगरातून बैलगाड्या यायच्या, डिंक, चारोळी, मोहाची फुलं घेऊन. मग रेल्वे आली आणि इथली रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, सुरतेला जायला लागली, त्यावरून गल्लीचं नाव. हे सांगताना बाऊजी इतके सुंदर दिसतात की मीसुद्धा कधीकधी लाटणं हातात घेऊन जिन्यात उभी राहून ऐकते.

मग ते सगळ्यांना गच्चीवर नेतात. आमच्या गल्लीतली घरं भिंतीला भिंत लावून आहेत, आणि प्रत्येक गच्चीच्या दोन्ही बाजूंना शेजारच्या गच्चीत उघडणारं एक बुटकं दार आहे. दरोड्याची भीती होती त्या काळात बायकापोरांना रस्त्यावर न उतरता एका घरातून दुसऱ्या घरात पळता यावं, म्हणून केलेली सोय. एका टोकाच्या घरात शिरलेली बाई दुसऱ्या टोकाला निघू शकते. दाराला कडी कोणत्याच बाजूला नाही. कडी लावणं म्हणजे शेजाऱ्यावर संशय घेणं, असं बाऊजी सांगतात आणि पाहुणे हळहळतात.

एकदा पुण्याची एक बाई मला म्हणाली, "किती नशीबवान तुम्ही. आमच्याकडे शेजारी कोण राहतं तेही माहीत नसतं."

माझ्या मनात आलं, बाई, आत्ताच्या आत्ता घरं बदलू या. पण मी हसले आणि तिला गुळपापडी दिली.

आम्हाला मूल नाही. हे मला कोणाला सांगावं लागत नाही, गल्लीत कुणालाही विचारा. लग्नाला बरीच वर्षं झाली. आमच्याकडे महिन्याच्या त्या दिवसांत बाईनं चुलीपाशी जायचं नाही, आणि चातुर्मासात महासतीजी, आमच्या जैन साध्वी, गोचरीला आल्या, म्हणजे घरोघरी थोडंथोडं अन्न घ्यायला आल्या, तर त्यांना हातानं वाढायचं नाही. एरवी मी वाढते. त्या दिवसांत सासूबाई पुढे होतात आणि मी जिन्यापाशी बाजूला उभी राहते. झालं. साध्वींच्या मागे गल्लीतल्या दोन-चार बायका असतातच. याही महिन्यात नाहीच, एवढं सगळ्यांना कळतं. कोणी वाईट बोलत नाही, तसे लोक नाहीत ते. दुपारी गच्चीचं दार ढकलून कोणीतरी सुंठीचे लाडू आणून ठेवतं, माझ्या कमरेसाठी. लाडू फार चांगले असतात. ते खाताना मी रडले आहे.

म्हणून मी फ्लॅट मागितला. दागिने नकोत, फिरायला नको, मला एक दार हवं होतं आणि त्याला आतून कडी. माझा नवरा अभिनंदन मऊ स्वभावाचा माणूस, त्याला माझं पटायला वेळ लागला, पण पटलं. बायपासच्या पुढे नवी कॉलनी झाली आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी. चौघांनी तिथं राहायचं, अभिनंदनने स्कूटरवर दुकानात यायचं, असं ठरलं. ताबा दिवाळीनंतर. बाऊजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "दखू," म्हणाले, म्हणजे बघू. मी त्या एका शब्दावर उन्हाळा आणि पावसाळा काढला.

पर्युषणात घोटाळा झाला. कॉलनीत जैन घरं वाढली, गल्लीतली कमी झाली, त्यामुळे पुढच्या वर्षीपासून चातुर्मास तिकडच्या नव्या स्थानकात, म्हणजे साध्वी उतरतात त्या वास्तूत, करावा असं आमच्या जैन संघात चाललं होतं. घरं थोडी असली की साध्वींनी त्याच त्या दारांवर किती वेळा जायचं, हा प्रश्न खराच होता. महासतीजींनी प्रवचनाच्या शेवटी ते नुसतं सांगितलं, कोणाला बोल लावला नाही. बायकांच्या बाजूला मी सासूबाईंशेजारी बसले होते. पुरुषांच्या बाजूला बाऊजी उभे राहिले. हात जोडलेले होते.

"महासतीजी, मला दिशेची मर्यादा द्या. जीव आहे तोवर."

ही मर्यादा म्हणजे आमच्यात एक व्रत आहे. माणूस आपल्या फिरण्याची हद्द ठरवतो आणि त्यापलीकडे पाऊल टाकत नाही. लोक सहसा जिल्ह्याची ठेवतात, फार तर गावाची.

"कुठपर्यंत?" महासतीजींनी विचारलं.

"पूर्वेला स्थानकापुढचा कडुलिंब. पश्चिमेला कमान."

म्हणजे आमची गल्ली. कापडाचं ठाण उलगडलं तर एका टोकाचं दुसऱ्या टोकाला पोचेल एवढी. महासतीजींनी त्यांना विचारलं, "घरात विचारलंत?"

"घर माझंच आहे," बाऊजी म्हणाले.

महासतीजींनी दवाखान्याची सवलत ठेवायला लावली, पुन्हा एकदा विचार करा म्हणाल्या, आणि बाऊजी हलेनात तेव्हा पाठ म्हणून नियम दिला. सगळं स्थानक "अनुमोदना, अनुमोदना" म्हणून उठलं. बायकांनी मला मिठ्या मारल्या. असा सासरा मिळायला पुण्य लागतं, म्हणाल्या. सासूबाई उठल्या नाहीत. त्यांचे गुडघे दुखत असतील असं मला वाटलं.

नियम बाऊजींनी घेतला आणि पाळायचा आम्ही, असं माझ्या डोक्यात घण घातल्यासारखं चालू होतं. घरी आल्यावर मी भांडी जरा जोरातच ठेवली. बाऊजींना ऐकू जावं म्हणूनच ठेवली.

बाऊजी मला बिंदणी म्हणतात, म्हणजे सून. ते जिन्यात येऊन म्हणाले, "बिंदणी, मी तुमले कोठे बांधी ठेयेल शे? तुम्ही जा ना खुशाल."

जा म्हणणं किती सोपं आहे. एकुलता एक मुलगा, आईबापांना गल्लीत टाकून बायकोच्या मागे कॉलनीत गेला, हे वाक्य गच्चीच्या दारांमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला वेळ लागला नसता. अभिनंदन तर लगेच फ्लॅट भाड्यानं द्यायच्या गोष्टी करायला लागला. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. दिवाळी आली, खांबांना तेल लागलं, आणि फ्लॅटच्या किल्ल्याही आल्या.

शेवटी एका दुपारी मीच बोलले. अभिनंदन जेवत होता, सासूबाई पलीकडे मेथी निवडत होत्या.

"बाऊजींनी स्वतःच सांगितलंय, जा. आपण दोघं जाऊ. तू दिवसभर इथं दुकानात असतोसच. मी एक दिवसाआड येत जाईन. आणि बाई आहेतच की त्यांच्याजवळ."

बाई म्हणजे सासूबाई, उमरावबाई. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. अभिनंदनचा चेहरा उजळला. आई आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? बाऊजींचं जेवण सूर्यास्ताच्या आत व्हायला लागतं, ते आई बघेल. औषधं आई बघेल. आम्ही भराभर सगळं ठरवून टाकलं. बाई मेथीच्या काड्या एका बाजूला आणि पाला एका बाजूला करत राहिल्या. त्यांना विचारावं असं ना त्याच्या मनात आलं ना माझ्या.

वास्तूच्या दिवशी बाऊजी कमानीपर्यंत आम्हाला सोडायला आले आणि तिथेच थांबले. बाईंनी नवी सुती साडी नेसली होती, पदर नेहमीप्रमाणे कपाळापर्यंत. रिक्षात त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती. नैवेद्याचं काही असेल, असं मला वाटलं. पूजा झाली, माणसं जेवून गेली. ऊन उतरायला लागलं तेव्हा अभिनंदन म्हणाला, "चाल बाई, तुले गल्लीत सोडी येस."

बाई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. "आज मी आठेच राहस," त्या म्हणाल्या.

आम्हाला नवल वाटलं, पण बरंही वाटलं. दमल्या असतील. बाऊजींच्या जेवणाचं काय, म्हणून मी रिक्षा करून गल्लीत गेले, फुलके केले, त्यांना वाढलं. परत निघेपर्यंत अंधार पडला आणि बाऊजींना एकटं कसं सोडायचं म्हणून मी थांबले. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, आज राहस. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या पिशवीत त्यांचे कपडे होते, जपाची माळ होती, गुडघ्याचं तेल होतं.

अभिनंदन तिकडे आईजवळ झोपायला जायचा, कारण गुडघे दुखणाऱ्या बाईला नव्या जागेत एकटं कसं ठेवायचं. आणि मी इकडे. माझ्या फ्लॅटमध्ये मी अजून एकही रात्र काढली नव्हती. गच्चीच्या दारातून बायका येत, इकडे तिकडे बघत, "बाई कोठे शेतस?" विचारत. उत्तर त्यांना माहीत असायचंच. लाडू येणंही चालू होतं.

बाऊजी पहिले काही दिवस काहीच बोलले नाहीत. रविवारी पाहुण्यांना इतिहास सांगताना पणजोबांना मारवाडातून आणून सोडलं आणि पुढचं विसरले. सोनमनं सावरून घेतलं. त्या दिवशी जेवताना मी त्यांना विचारलंच. राग होता म्हणून विचारलं.

"बाऊजी, तुम्हाला खरंच धर्मासाठी घ्यायचा होता का तो नियम?"

ते खिचडी कालवत राहिले. "धर्म शेच," ते म्हणाले. "पन मी तठे गयू ते कोन? तिसरा माळावरना एक डोकरा. आठे मी रिखबशेट शे. पोरंसोरं वयखतस मले."

मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा आणखी राग आला. माणूस खोटं बोलत नव्हता. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांना चालताना बघितलंय मी, दर दोन पावलांवर कोणीतरी रामराम घालतं, कोणीतरी चहाला थांबवतं. पुण्याची ती बाई ज्याच्यासाठी हळहळत होती, ते यांना रोज मिळत होतं. तेच मला रोज मिळत होतं आणि माझा श्वास कोंडत होता.

आठवडे गेले. थंडी पडली. एक दिवस दुपारी बाऊजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता, खांबाकडे बघून म्हणाले, "बिंदणी, तू जा. तिले ली ये. मी जाऊ शकस नही."

त्यांची बायको गावातल्या गावात, रिक्षानं गेलं तर जवळच, आणि हा माणूस तिला बोलावून आणायला जाऊ शकत नव्हता. फोन त्यांनी केले होते, ते मला माहीत होतं. बाई फोन उचलायच्या, तब्येत विचारायच्या आणि ठेवायच्या. प्रायश्चित्त घेऊन नियम सोडता येतो, असं संघातले लोक सांगून गेले होते. बाऊजी मानेनात. सगळ्या गल्लीनं अनुमोदना केलेला नियम सोडायचा कोणत्या तोंडानं?

मी लगेच निघाले. खोटं कशाला बोलू, माझे पाय जमिनीवर नव्हते. बाई परत आल्या की मी सुटणार होते. वाटेत रिक्षात मी मनात सगळं जुळवलं. बाऊजी जेवत नाहीत नीट, असं सांगायचं. रडायचं. गरज पडली तर पाया पडायचं. आज संध्याकाळी मी माझ्या गॅलरीत बसणार होते आणि कडी आतून लावणार होते.

दार बाईंनी उघडलं, आणि मी क्षणभर त्यांना ओळखलंच नाही. डोक्यावर पदर नव्हता. केस धुऊन मोकळे सोडलेले होते, पांढरे आणि पातळ. इतक्या वर्षांत त्यांचे केस मी कधी पाहिले नव्हते. मला बघून त्यांचा हात पदराकडे गेला, मग तिथेच थांबला, आणि त्यांनी पदर घेतला नाही.

"ये, बठ," त्या म्हणाल्या. "च्या करस."

आम्ही गॅलरीत बसलो. समोर मोकळं रान, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, पलीकडे रस्ता. वारा येत होता. बाई मला खालचं बाक दाखवायला लागल्या. संध्याकाळी त्या उतरून तिथे बसतात. कॉलनीतल्या बायका येतात, कोणी धुळ्याची, कोणी शहाद्याची, कोणी बदलीवर आलेली.

"एक जन मले इचारस, काकू तुम्ही काय करेत?" बाई सांगत होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "मी सांगं, मी मास्तरीन व्हतू. खांडबाराले. शाळामा."

"बाई, तुम्ही?"

"हाव. सातवी शिकनू मी, पुढे कोनी शिकू दिधं? आते त्या मले मॅडम म्हनतस. एक पोरगी पाढा इचाराले येस." त्यांनी कानाची पाळी धरली. "खोटं बोलनू. महासतीजी उन्यात की प्रायश्चित्त घीसू. पन आते नही. आते राहू दे थोडा दिन."

मी हसले. खरोखर हसले, पोट धरून. त्याही हसल्या. मग त्या कपातल्या चहाकडे बघत म्हणाल्या, "तुले माहीत शे का, अभिनंदनना आधी मन्हा दोन गयात. पोटमाच. मन्ही मायले नंतर समजनं, गल्लीले पहिले. सगळ्या उन्यात, गच्चीवरथून. चांगल्या बाया. लाडू ली उन्यात."

इतकी वर्षं एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी. मी जिन्यापाशी उभी राहायचे तेव्हा ही बाई माझ्याजागी पुढे होऊन साध्वींना वाढायची, आणि मी तिचा हात बघायचे, तोंड कधी बघितलं नाही.

"आठे कोनलेच माहीत नही मी कोन शे ते," बाई म्हणाल्या. त्यांनी ते इतक्या हळू सांगितलं, जसं एखादं मूल खाऊ कुठे लपवलाय ते सांगतं.

खाली कोणीतरी "मॅडम" अशी हाक मारली. बाईंनी वाकून हात केला. मग माझ्याकडे वळल्या, आणि तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. त्यांना आत्ता सुचलं की मी का आले असेन.

"तू मले ली जावाले उनी का?"

माझी दोन खोल्यांची जागा माझ्या पाठीशी होती. भिंतींना मी निवडलेला रंग होता. मला फक्त हो म्हणायचं होतं, आणि ती बाई उठून पिशवी भरायला लागली असती. एवढा जन्म ती तेच करत आली होती. मला खात्री आहे, एक शब्दही बोलली नसती.

"नही बाई," मी म्हणाले. "तुम्हले भेटाले उनू."

त्या उठून आत गेल्या आणि स्वयंपाकघरात काहीतरी शोधत बसल्या, बराच वेळ. मी समजले आणि आत गेले नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा मी निघाले. जिना उतरताना मला रडू आलं ते बाईंसाठी नव्हतं. माझ्यासाठीच होतं, सरळ सांगते. घर सोडायला मी एवढी भांडले, आणि सुटली कोण.

रिक्षा कमानीपाशी थांबली. बाऊजी आतल्या बाजूला, अगदी कडेला उभे होते, धोतराचा सोगा हातात धरून. किती वेळचे उभे होते कोण जाणे. त्यांनी माझ्यामागे रिक्षात वाकून पाहिलं. रिक्षावाला पैसे घेऊन वळून गेला तरी ते तिकडेच बघत होते.

"ती कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"बाई घर शेतस, बाऊजी," मी म्हणाले.

त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते कमानीच्या दगडाला हात लावून उभे राहिले. सूर्य बुडायच्या आत त्यांचं जेवण व्हायला हवं होतं, म्हणून मी त्यांच्या बाजूनं आत शिरले आणि घराकडे चालायला लागले. गल्लीतल्या तीन बायकांनी मला वाटेत विचारलं, बाई आल्या का.